दहा हजारी टँकर आणि हरवलेले 320 लिटर : दिवाळीपासून वापरल्यानंतरचा अनुभव

सर्व्हिस सेंटरवाल्याने झिजलेली क्लच प्लेट हातात धरून "शेठ, गाडी ओव्हरलोड चालवता तुम्ही" असं म्हटलं नसतं, तर मी भरलेला टँकर काट्यावर नेलाच नसता. आणि काट्यावर नेला नसता, तर माझ्या दहा हजारी टाकीत दहा हजार लिटर मावतच नाहीत हेही कळलं नसतं. एका चिठ्ठीने एक भांडण मिटवलं आणि दुसरं लावून दिलं. पहिलं संपलं. दुसरं अजून चालू आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

गाडी सहा टायरी, बीएस-6, 18.5 टनांत पास. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, मी त्यात भर घालत नाही. कंपनीकडून चेसिस आणि केबिन घेतली, टाकी नाशिकातच बनवून घेतली. काम बहुतेक चेहेडी ते सिन्नर: विहिरीवरून पाणी भरायचं, मोहदरी घाट चढायचा, सिन्नरच्या पूर्वेकडच्या बागांना टाकायचं. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी रस्त्यांची कामं निघाली आहेत, तिकडेही धूळ दाबायला आणि काँक्रीटला पाणी लागतं.

आधी क्लच. ओव्हरलोडचा आरोप मला का झोंबला ते सांगतो. वाळूचा ढीग रचता येतो, विटांचा एक थर वाढवता येतो, कांद्याच्या गोण्या फाळक्याच्या वर जातात. पाण्याचा ढीग होत नाही. टाकी भरली की मॅनहोलमधून बाहेर. साधारण लिटरला किलो, त्यामुळे दहा हजार लिटरच्या टाकीत दहा टनांपेक्षा जास्त पाणी मालकाने ठरवलं तरी बसणार नाही. 2018 साली सरकारने सहा टायरी गाडीचं एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टन केलं, म्हणजे माझ्या गाडीला दोन टनांच्या आसपास मोकळीकच राहते. हे तोंडी सांगून कोणी ऐकेना, म्हणून काटा केला. ड्रायव्हरला खाली उतरवून. रिकामी गाडी 6,870 किलो, काठोकाठ भरून 16,510. सर्व्हिसवाल्याने चिठ्ठी दोनदा उलटसुलट पाहिली आणि गप्प झाला. क्लच प्लेट झिजणारी वस्तू, ती वॉरंटीत येत नाही हे मलाही मान्य. मजुरी मात्र त्याने सोडली. मेकॅनिकने बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं: घाटात वाहतूक अडकली की आमचे ड्रायव्हर मामा हँडब्रेक न ओढता अर्ध्या क्लचवर गाडी धरून उभे राहतात. साडेसोळा टन चढावर क्लचच्या जिवावर. मामांना सांगून पाहिलं. मामा म्हणाले, "चाळीस वर्षं असंच चालवतोय."

आता दुसरं. 16,510 मधून 6,870 गेले, उरले 9,640. ही वजाबाकी मी त्या रात्री जेवताना केली आणि जेवण तिथेच अडकलं. टाकीचा भाव लिटरवर ठरला होता, दहा हजार लिटरचे पैसे मोजून दिले होते.

टाकीवाल्याकडे गेलो. पहिलं उत्तर: "दादा, पाणी गरम असेल. गरम पाणी हलकं असतं." त्याच्या तोंडून भौतिकशास्त्र ऐकून बरं वाटलं, आणि मुद्दा अगदीच पोकळ नाही. 30 अंशांना एक लिटर पाणी साधारण 995.7 ग्रॅम भरतं. म्हणजे 9,640 किलोचे झाले सुमारे 9,680 लिटर. चाळीस लिटर त्याच्या पदरात टाकले. तरी 320 कुठे गेले?

दुसरं उत्तर: "आतल्या तीन पार्टिशननी जागा खाल्ली." ह्यावर मी तिथेच खडू घेऊन बसलो. टाकी लंबगोल, बाहेरून 2.2 मीटर रुंद, 1.5 मीटर उंच. पार्टिशन म्हणजे 5 मिमीची प्लेट, वर मोठी भोकं पाडलेली, तळाशी पाणी जायला फट. एका पार्टिशनचं लोखंड फार तर दहा लिटर जागा व्यापतं. तीन पार्टिशनचे तीस. उरले 290.

मग टेप घेतला. बिलावर लांबी 3.9 मीटर, ती बाहेरून बरोबर भरली. पण दोन्ही टोकांच्या प्लेटा काठाला नाहीत, पाच-पाच सेंटीमीटर आत बसवलेल्या. बाहेरचा काठ कॉलरसारखा सुटा राहतो, वेल्डिंग नीट बसावं म्हणून. दोन्ही कॉलर मिळून दहा सेंटीमीटर, म्हणजे अडीचशेच्या वर लिटर. त्यात पाणी नसतं, हवा असते, आणि त्या हवेचे मी पैसे दिले. बाकीचं पत्र्याच्या जाडीत गेलं. टाकीवाल्याने रुंदी, उंची, लांबी सगळी बाहेरून धरून गुणाकार केला की उत्तर दहा हजार शंभर येतं, आणि तो छातीठोक सांगतो की शंभर लिटर फुकट दिले!

त्याचं म्हणणं, सगळे असंच मोजतात. खरं असेल. म्हणून टाकी बनवायला टाकणाऱ्याने बिलावर "आतलं माप" असं लिहून घ्यावं, आणि शेवटचा हप्ता काटा झाल्यावर द्यावा. टाकीची क्षमता तपासायला काट्याहून स्वस्त साधन नाही. बादल्यांनी मोजत बसू नका.

एवढं सगळं लिहिल्यावर हेही लिहायला हवं, नाहीतर त्या माणसावर अन्याय होईल: पार्टिशन तीन टाकायचा आग्रह त्याचाच होता. मी दोनवर अडलो होतो, कारण प्रत्येक पार्टिशन म्हणजे 5 मिमीच्या पत्र्याला चौरस मीटरमागे 39 किलो लोखंड, वर वेल्डिंगची मजुरी, आणि आत उतरून गंज खरवडायला जास्तीचा त्रास. फेब्रुवारीपर्यंत मी ते तिसरं पार्टिशन खर्चातच धरत होतो. मग बागांची कामं अशी आली की अर्धी टाकी एका शेतकऱ्याला, अर्धी पुढच्याला. गंमत अशी की भरलेला टँकर सभ्य असतो, रिकामा तर बिचारा असतोच. छळतो तो अर्धा. जवळपास पाच टन पाणी आत मोकळं. ब्रेक मारला की गाडी थांबते, पाणी थांबत नाही. ते पुढच्या प्लेटवर आदळतं आणि थांबलेल्या गाडीला हातभर पुढे ढकलतं. ओळखीतल्या एकाच्या बिनपार्टिशनच्या जुन्या टँकरमध्ये घाट उतरताना बसलो होतो तेव्हा पाठीमागून दर ब्रेकला धक्का येत होता, मोजून दोनदा, एकदा जाताना आणि एकदा परत येताना. माझ्या गाडीत तो धक्का येतो, पण तीन ठिकाणी अडून दमलेला. त्या 290 लिटरचा राग तसाच आहे, पण पार्टिशनबद्दल मी शब्द मागे घेतला.

एक मात्र समजून घ्या. ही पार्टिशन आडवी असतात, ती मागचं-पुढचं पाणी अडवतात. डावी-उजवीकडे जाणारं पाणी त्यांना जुमानत नाही. लंबगोल टाकी बसकी असल्याने वजन खाली राहतं हे चांगलं, पण ती रुंद असल्याने वळणावर अर्धं पाणी बाहेरच्या अंगाला चढायला जागाही जास्त. मोहदरीच्या वळणांवर अर्धी टाकी घेऊन उतरताना मामा तिसऱ्या गिअरच्या वर जात नाहीत, आणि ह्या एका बाबतीत मी मामांशी वाद घालत नाही.

लोक विचारतात, 12 हजारी का नाही बसवलीस? एका पाहुण्याने तर पानेवाडीच्या डेपोकडून येणारा 12 हजार लिटरचा डिझेल टँकर दाखवून विचारलं, त्याला चालतं तर तुला का नाही? कारण डिझेल हलकं आहे. लिटरला साधारण 830 ग्रॅम, 12 हजार लिटर म्हणजे दहा टनांच्याही किंचित आत. त्याचे बारा आणि माझे दहा काट्यावर जवळजवळ सारखेच. मी ह्याच चेसिसवर 12 हजारी टाकी टाकून पाणी भरलं असतं तर टाकीचं वाढीव लोखंड धरून 19 टनांच्या वर गेलो असतो. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20 हजार दंड, वर जादा टनामागे दोन हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. पाण्याच्या एका खेपेत काय सुटतं हे ज्याला माहीत आहे त्याने हा हिशोब स्वतःच करावा.

उलटा प्रकारही झाला. निफाडकडून एकाने विचारलं, मळी नेतोस का, भाडं चांगलं देतो. साखर कारखान्याची मळी लिटरला साधारण 1.4 किलो. माझे 9,680 लिटर भरले तर साडेतेरा टन, गाडी धरून 20.4. वजनात बसवायची तर टाकी बरीच रिकामी ठेवायची, म्हणजे पुन्हा आतला गोंधळ. त्यात मळीला उत्पादन शुल्क खात्याचे परवाने. नको म्हणालो. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की टाकीवर रंगवलेला लिटरचा आकडा अर्धीच माहिती देतो. आत काय भरणार ते ठरेपर्यंत गाडी केवढी लागेल ते सांगता येत नाही. गंधकाचं तीव्र आम्ल तर लिटरला 1.84 किलो. माझ्या टाकीएवढ्या आम्लाला ही गाडी उभ्याउभ्याच ओव्हरलोड झाली असती.

आता बारीकसारीक. मागच्या लेव्हल नळीवर टाकीवाल्याने समान अंतरावर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा मारल्यात. अर्धी खूण बरोबर. पाव खूण चूक, कारण गोल टाकी तळाशी अरुंद असते. पाव उंचीला माझ्याकडे 1,900 च्या आसपासच लिटर असतात, पाव म्हणजे 2,420 नव्हेत. "पाव टाकी राहिली" म्हणून फोनवर कबूल कराल तर शेवटच्या गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल. मी रंगाने नवी खूण मारून घेतली.

पंप चांगला आहे, पण पाणी ओढण्याला निसर्गाची मर्यादा आहे: सहा-सात मीटर खालून ओढतो, त्याखाली नुसता आवाज. खोल विहीर असेल तर तिथे पाण्यातली मोटर हवी. पंप बदलून उपयोग नाही. सोडताना सुरुवातीला धार जोरात, टाकी उतरत जाईल तशी मंद. शेवटचे हजार लिटर जीव खातात, त्या वेळात शेतकरी चहा पाजतो, मी तो वेळही हिशोबात धरतो.

गाडीची खरी कटकट रीजनरेशनच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या फिल्टरमधली काजळी जाळायला सांगणाऱ्या दिव्याची. शहरात रांगत चालायचं, बागेत उभं राहून पंप चालवायचा, त्यात एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही आणि दिवा लागतो. मग कामाच्या मध्येच गाडी उभी करून इंजिन घुमवत बसा. मामांनी ह्या दिव्याला "पाहुणा" नाव ठेवलंय. ॲडब्लूची (एक्झॉस्ट स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी) 20 लिटरची बादली उचलताना पाण्यापेक्षा जड का लागते हे कोडं होतं, लिटरला 1.09 किलो असतं ते. ॲव्हरेज भरून साडेतीनच्या आसपास, रिकामी परतताना सहा. टायर, पाटे, ब्रेक यांची तक्रार नाही. मॅनहोलचं रबर दोनदा बदललं, तरी घाटात केबिनच्या मागच्या काचेवर पाणी येतंच.

ज्यांनी इथवर वाचलं त्यांच्या मनात प्रश्न आला असेलच: मग तू गिऱ्हाइकाला किती लिटर म्हणून विकतोस? आमच्याकडे खेपेचा भाव असतो, लिटरचा नाही, आणि खेप "दहा हजारी" म्हणूनच ओळखली जाते. निदान मेपर्यंत तरी तसंच होतं. मे महिन्यात रस्त्याच्या कामावरचा एक काँक्रीट प्लँट मिळाला. त्यांचा स्वतःचा काटा. पाणीसुद्धा ते वजनावर घेतात, कारण त्यांच्या मिश्रणात पाणी किलोत मोजतात. पहिलंच बिल 9.64 टनांच्या हिशोबाने आलं, महिन्याच्या सगळ्या खेपांना साडेतीन टक्क्यांहून जास्त कात्री. मी तिथल्या सुपरवायझरला गरम पाण्याचा मुद्दा सांगून पाहिला. तो म्हणाला, "थंड आणा."

बिलाची झेरॉक्स टाकीवाल्याला नेऊन दिली आहे. तो पैसे परत द्यायला तयार नाही. त्याऐवजी टाकीच्या डोक्यावर दोनशे लिटरचा डोम, म्हणजे पोकळ उंचवटा, फुकट बसवून देतो म्हणतो. गाडी दोन दिवस उभी राहील, आरसी बुकातल्या मापाचं काय ते आरटीओत विचारावं लागेल, आणि डोमचं लोखंड माझ्याच डिझेलवर फिरणार. मी त्याला म्हटलं, लेखी दे, आणि माप आतून लिही.