शीवची दुधाची बँक: घेतलं आणि दिलंही
लेक ३१व्या आठवड्यातच आली, वजन जेमतेम १३५० ग्रॅम. मला चार दिवस दूधच नाही. मुंबईतल्या शीवच्या (सायनच्या) लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या दुधाच्या बँकेने तोवर तिला अनोळखी आयांचं दूध दिलं. नळीतून, दोन-दोन मिली! डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये सुरू केलेली ही आशियातली पहिली बँक.

पुढे मला इतकं दूध आलं, की मीच देऊ लागले. आधी रक्ततपासणी, दूध मग ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवून गोठवतात. सासूबाई म्हणाल्या, “अगं, असं वाटलंस तर आटेल.” उलट वाढलंच. पंपाची घरघर पहिल्या दिवशी विचित्र वाटली, पण सिस्टर शेजारी बसून गप्पा मारत होत्या. माझ्याकडून पाच तारे. लेक आता तीन किलोंची झालीय.