चौदा महिने घरी सांभाळलेली कास्ट आयर्न बुलेट, आणि प्राइमरीचा तो एक नट

मागच्या रविवारी माझ्या बुलेटच्या प्राइमरीचा, म्हणजे इंजिनाची ताकद क्लचकडे नेणाऱ्या चेनच्या पेटीचा, लेव्हल स्क्रू (तेलाची पातळी बघायचा स्क्रू) काढला आणि आतून धार लागली. सात महिन्यांपूर्वी मीच लेव्हल बघून तो बंद केला होता. पेल्यात धरून मोजलं, तर जवळजवळ दोनशे मिली जास्तीचं तेल निघालं. त्या पेल्यानं माझा रिबोअरचा (सिलेंडर घासून नवा पिस्टन बसवायचा) खर्च वाचवला.

गाडी बाबांची, १९८९ ची ३५० स्टँडर्ड. गिअर उजवीकडे, एक वर तीन खाली, ब्रेक डावीकडे, इग्निशन पॉइंटची (उघडमीट होऊन ठिणगी पाडणारे संपर्क). बाबांचे गुडघे किकला नको म्हणायला लागले तेव्हा ती माझ्याकडे आली. कोल्हापूर ते गोकुळ शिरगाव रोज जाऊन येऊन वीसेक किलोमीटर, आणि सुट्टीत कधी पन्हाळा. चौदा महिन्यांत सात हजारांच्या आसपास चालली.

घरी काम करायचं माझं ठरलेलं नव्हतं. सुरुवातीला क्लचप्लेटा बदलायला गाडी एका गॅरेजला दिली. बिल झालं चार हजार दोनशे. घरी आणली आणि सकाळी शहाबादी फरशीवर बशीएवढा डाग. परत नेली, परत आणली, परत डाग. तिसऱ्या वेळी उत्तर मिळालं, "बुलेट म्हटल्यावर तेल टाकणारच." मी ते मानलंही असतं. पण बाबा म्हणाले, "माझ्याकडं असताना या फरशीवर थेंब पडला नव्हता. आईला विचार." आईनं मान हलवली. गॅरेज त्या दिवशी सुटलं.

आता त्या नटाविषयी. या इंजिनाच्या प्राइमरी चेनकेसचं अख्खं बाहेरचं कव्हर एका नटावर बसतं. आत दुहेरी चेन, क्लच, अल्टरनेटर आणि तेल. बाहेर मधोमध एक नट, आणि कडेनं चरात बसवलेलं एक रबर. गळती दिसली की प्रत्येकाचा हात त्या नटाकडे जातो. माझाही गेला. रबर बदललं, नट आवळला. दुसरं रबर, अजून आवळला. तिसऱ्या वेळी काळं सिलिकॉन भरलं आणि पान्यात पाइप घालून आवळला. गळती वाढली.

तेव्हा माझं ठाम मत झालं होतं की ही रचनाच चुकीची आहे. एवढं लांब कव्हर एका नटावर ठेवतात का? कडेनं सहा स्क्रू दिले असते तर काय बिघडलं असतं?

मग कव्हर पिशवीत घालून उद्यमनगरला गेलो. तिथल्या एका लेथवाल्या मामांनी ते सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, पालथं ठेवलं आणि पुढच्या टोकाखाली फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पाती सारली. ०.४० मिलीमीटरची पाती सरळ आत गेली. "मधे दाबलं की टोकं उचलत्यात. ॲल्युमिनियम हाय, पत्रा न्हाई. लांब पाना घेतला की हाताला कळत न्हाई." कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, चहा घेतला.

घरी जाड काचेचा तुकडा आणला, त्यावर २२० चा पॉलिश पेपर पसरला, रॉकेल नाही म्हणून डिझेलचे थेंब टाकले आणि कव्हर आठच्या आकड्यात फिरवत बसलो. दोन रविवार गेले. कडेवर मार्करनं रेघा मारायच्या. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या जाईपर्यंत घासायचं. शेवटी ४०० चा पेपर. चौथं रबर, सिलिकॉन अजिबात नाही. नट हातानं बसवला आणि आखूड पान्यानं जेमतेम पाव फेरा दिला. मग केस बाहेरून पेट्रोलनं पुसून त्यावर टाल्कम पावडर मारली आणि कावळा नाक्यापर्यंत फेरी मारून आलो. तेल कुठून झिरपतं ते पावडर लगेच दाखवते. कडेला रेघ नव्हती. मागच्या बाजूला, अल्टरनेटरच्या वायरी जिथून बाहेर येतात त्या रबरी बुचाशी एक ओला ठिपका होता. बूच बदललं, तोही गेला.

रचनेबद्दलचं माझं मत इथे बदललं. डावा फुटरेस्ट आणि ब्रेक पेडल बाजूला केलं की एक नट काढून अख्खा क्लच समोर येतो. चेनचा ताण बघायचा असेल, तर सहा स्क्रूंचे सहा आटे सांभाळत बसायचं नाही. १९५५ पासून मद्रासला बनणाऱ्या या गाडीची कामं गावोगावच्या फिटरनी मोजक्या पान्यांवर केली, त्याचं एक कारण हेच आहे. टॅपेटचं (व्हॉल्व्हची ढील बघायच्या जागेचं) झाकणही असंच एका नटावर आहे. तेही अनेक गाड्यांवर वाकलेलं दिसतं, आणि कारण तेच.

बाकीची कामं या मानानं सोपी. टॅपेटला फिलर गेज लागत नाही. गाडी रात्रभर थंड झालेली हवी, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटांनी मोकळा फिरला पाहिजे आणि वरखाली मात्र हलता कामा नये. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलीमीटरमध्ये. ती दर दोन महिन्यांनी बघतो, दहा मिनिटं लागतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचा विचार पहिल्या पावसाळ्यात केला होता. मग कंडेन्सर बदलला आणि गाडी पावसात एकदाही बंद पडली नाही, म्हणून ते पैसे वाचवले. कार्बोरेटर दोनदा साफ केला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

किकबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण ही गोष्ट मला बाबांनी शिकवली. चावी चालू ठेवून किक हळूहळू दाबत जायची. पॉइंट मिटलेले असताना अँपियर मीटरचा काटा वजाकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. पाय अडला की डिकंप्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबायचा, काटा मध्यावर येईपर्यंत किक पुढे न्यायची, डिकंप्रेसर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची. मग एकच किक, शेवटपर्यंत. थंडीतल्या सकाळी पहिल्या किकला ती धडधड ऐकून बाबा आतून खुर्चीवरूनच "हां!" म्हणतात. त्यासाठी मी ही सगळी कामं आनंदानं करतो.

आता परत त्या पेल्याकडे. गेल्या दोन महिन्यांत इंजिनाच्या डिपस्टिकवर तेल उतरताना दिसत होतं. दोनदा मिळून दोनशे मिली घातलं. फरशी कोरडी होती, म्हणजे तेल बाहेर जात नव्हतं. दोघा-तिघांनी सांगितलं की रिंगा गेल्या, बोअर करून घे. पिस्टनसकट साडेसहा हजारांचा अंदाज घेतला होता, आणि ती रक्कम बाजूला काढायलाही सुरुवात केली होती. सायलेन्सरमधून निळा धूर मात्र दिसत नव्हता. तेवढ्यानं मन मानेना, म्हणून प्राइमरी उघडून बघायचं ठरवलं.

मी इंजिनात २०डब्ल्यू५० घालतो, प्राइमरीत लाल रंगाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल). लेव्हलच्या भोकातून निघालेलं तेल काळं होतं. म्हणजे इंजिनातलं तेल क्रँकच्या डाव्या बाजूच्या सीलवरून प्राइमरीत येत होतं. मी घातलेलं दोनशे मिली तिकडे जमा झालं होतं. फरशीवर थेंब नाही म्हणून सात महिने मी तो लेव्हल स्क्रू उघडलाच नव्हता.

रिबोअर रद्द. सील काही शे रुपयांचं. त्यासाठी क्लच, दुहेरी चेन आणि अल्टरनेटरचा रोटर उतरवावे लागणार, रोटर बाहेर यायला रविवारची अख्खी सकाळ जाणार. क्लच ओढून काढायचा पुलर उद्यमनगरच्या मामांकडून आणायचा आहे. कव्हर उघडणारच आहे तर पाचवं रबर आणून ठेवलंय. तोपर्यंत दर रविवारी लेव्हल स्क्रू उघडतो, जास्तीचं तेल बाटलीत काढतो, आणि बाटलीवर तारीख लिहितो. या आठवड्यात वीस मिली होतं.