पावसाच्या नोंदींची जाळी: व्यस्त अंतर भारांकन की क्रिगिंग?

पर्जन्यमापक केंद्रे नकाशावर विखुरलेली असतात. जलविज्ञानाच्या प्रारूपांना मात्र समान अंतरावरच्या चौकटींतील आकडे लागतात. केंद्रांच्या नोंदींवरून ते अंदाजाने काढण्याच्या व्यस्त अंतर भारांकन आणि क्रिगिंग या दोन पद्धती आहेत. व्यस्त अंतर भारांकनात जवळच्या केंद्राला जास्त आणि दूरच्या केंद्राला कमी वजन मिळते. शेपर्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेली या घराण्यातील पद्धत भारतीय हवामान विभागाने ०.२५ अंशांच्या दैनंदिन पर्जन्यजाळीसाठी वापरली आहे. ती जलद आहे. पण साध्या भारांकनातून आलेले मूल्य वापरलेल्या नोंदींच्या कमाल-किमान मर्यादेबाहेर कधीच जात नाही, आणि एकाच भागात दाटीने असलेली केंद्रे निकालावर अवाजवी प्रभाव टाकतात.

दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंते डॅनी क्रिग यांच्या कामावरून माथेराँ यांनी विकसित केलेल्या क्रिगिंगमध्ये, अंतरानुसार नोंदींमधील फरक कसा वाढतो हे व्हेरिओग्राम (म्हणजे अंतर आणि फरक यांचा आलेख) काढून आधी तपासले जाते, त्यामुळे दाटीतल्या केंद्रांचे वजन आपोआप घटते. शिवाय प्रत्येक चौकटीतील संभाव्य त्रुटीचा अंदाजही मिळतो, आणि माझ्या मते हाच क्रिगिंगचा सर्वांत मोठा गुण आहे.

तरीही सह्याद्रीत साधे क्रिगिंग अपुरे पडते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सरळ रेषेत सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही आत; ०.२५ अंशांची चौकटच जवळपास तेवढी रुंद असते, म्हणजे एवढा फरक एका चौकटीच्या रुंदीत घडतो. येथे उंची आणि पर्जन्यछायेची बाजू हे घटक जोडलेले क्रिगिंग निवडावे. केंद्रे मोजकीच असतील आणि व्हेरिओग्राम विश्वासार्ह नसेल, तर भारांकनच बरे.