बत्तीस प्लास्टिक दातांचा सेट : डेंटलच्या फर्स्ट इयरच्या व्हायवासाठी घ्यावा का?

डेंटल मटेरियलच्या दुकानांत मूळ मापाचे ३२ कायमचे दात, रूटसकट (मुळासकट), खोबणीच्या डब्यात मिळतात. डेंटल अ‍ॅनाटॉमीच्या तयारीसाठी हा सेट घ्यावाच. फक्त तो डोळे झाकून खरा मानू नका. साच्यातून निघालेल्या दातात नेमकी तीच खूण पुसट होते जिच्यावर व्हायवात (तोंडी परीक्षेत) साइड, म्हणजे दात उजवा की डावा, ठरते.

आधी चांगलं सांगू. दाढा झकास आहेत. (कस्प म्हणजे दाताचा टोकदार उंचवटा; मेसियल म्हणजे जबड्याच्या मध्यरेषेकडची बाजू, डिस्टल तिच्यापासून दूरची, बक्कल गालाकडची, पॅलेटल टाळूकडची, लिंग्वल जिभेकडची.) वरच्या पहिल्या दाढेची ऑब्लिक रिज (कंगोरा) मेसिओपॅलेटल कस्पपासून डिस्टोबक्कल कस्पकडे तिरकी जाते, ती नखालाही लागते. खालच्या पहिल्या दाढेवर पाच कस्प आणि बक्कल बाजूला दोन खाचा, दुसरीवर चार कस्प आणि अधिकच्या चिन्हासारखी खाच. हा फरक आकृती पाठ करून डोक्यात राहत नाही, दोन्ही दाढा शेजारी धरल्या की एका मिनिटात बसतो.

घोळ आहे प्रीमोलरमध्ये, म्हणजे सुळा आणि दाढा यांच्यामधल्या दातांत. वरच्या पहिल्या प्रीमोलरच्या (दातांच्या क्रमांकात १४, २४) मेसियल बाजूला क्राउनपासून (दाताच्या हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागापासून) रूटपर्यंत खोलगट भाग असतो आणि मेसियल मार्जिनल रिज (कडेचा कंगोरा) ओलांडून एक बारीक खाच येते. साच्याची जोडरेघ अनेकदा याच बाजूंवरून जाते. घासून साफ करताना खाचही जाते, मग मेसियल आणि डिस्टल सारखेच दिसू लागतात. अशा वेळी बक्कल कस्प पाहा. या दातात कस्पचा मेसियल उतार डिस्टलपेक्षा लांब असतो, बाकीच्या प्रीमोलरमध्ये आणि सुळ्यात उलट. परीक्षकाचा हा आवडता प्रश्न आहे. खालच्या पहिल्या प्रीमोलरची मेसिओलिंग्वल खाच मात्र बहुतेक सेटमध्ये नीट उतरते.

दुसरी अडचण खालच्या लॅटरल इन्सायझरची, म्हणजे अगदी मधल्या (सेंट्रल) दाताशेजारच्या पुढच्या दाताची. इन्सायझल (चावण्याच्या कडेच्या) बाजूने पाहिलं तर खऱ्या दाताची कड रूटवर किंचित पिळलेली असते, डिस्टल टोक जिभेकडे वळलेलं. स्वस्त सेटमध्ये ती सेंट्रलसारखी सरळच असते. मग ३१ (सेंट्रल) आणि ३२ (लॅटरल) वेगळे कसे ओळखणार? अशा दातावर घोटलेली चूक खऱ्या दातापुढे महागात पडते, म्हणून तो दात सरावातून बाजूला काढा.

दुकानातच व्हर्नियर लावा. वरच्या सेंट्रल इन्सायझरचा क्राउन साधारण १०.५ मिमी उंच, मेसिओडिस्टल रुंदी ८.५. सर्व्हायकल लाइनची (क्राउन आणि रूट जिथे मिळतात त्या रेघेची) कमान मेसियलला ३.५ आणि डिस्टलला २.५ मिमी. दोन्हीकडे कमान सारखीच निघाली तर तो सेट परत ठेवा. वरचा सुळा क्राउन १० आणि रूट १७ धरून २७ मिमीच्या आसपास, म्हणजे डब्यात सगळ्यांत लांब तोच हवा.

सराव डब्यातून करू नका, खोबणीची जागाच उत्तर सांगून टाकते. सगळे दात कापडी पिशवीत टाका, एक काढा आणि ठरलेल्या क्रमाने बोला : वरचा की खालचा, पुढचा की मागचा, कोणता, मग साइड. प्रत्येक टप्प्याला एक कारण मोठ्याने सांगा. व्हायवात नुसत्या नावाने भागत नाही, ‘कशावरून?’ हा प्रश्न येतोच. रूटचं टोक डिस्टलकडे वळतं, हे कारण इथे देऊ नका. प्लास्टिकची रूट बहुधा सरळच असतात.

सेटमध्ये दुधाचे २० दात नाहीत, ही खरी उणीव. खालची दुसरी दुधाची दाढ आणि पहिली कायमची दाढ यांची गल्लत नेहमी होते. दुधाच्या दाढेत तिन्ही बक्कल कस्प जवळपास एकाच मापाचे, कायमच्या दाढेत डिस्टल कस्प स्पष्ट लहान. त्यासाठी डिपार्टमेंटच्या म्युझियममधले नमुने हातात घेऊन पाहावे लागतील.