मशीनला पैकीच्या पैकी, दुकानाला काठावर पास

कानाच्या मशीनबद्दल आधी सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. कानामागे बसतं, केसांत दडून जातं, पातळ वायरच्या टोकाचा पिटुकला स्पीकर कानात. वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही, ते यामुळे. स, श, फ, थ गळतात आणि साठ काय, आठ काय, सारखंच. या यंत्रानं नेमक्या त्याच पट्ट्या उचलल्या. सुरुवातीला पिशवीची चुरचुर आणि स्वतःच्याच चपलांचा आवाज अंगावर यायचा; सरावायला काही आठवडे लागतातच.

तपासणीही चोख. बंद खोलीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवले. आलेख मात्र थेट सोबत आलेल्या माझ्या मुलाच्या हातात गेला. मी तो काढून घेतला: उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या, २००० च्या पुढे दोन्ही रेषा घसरलेल्या. आयुष्यभर फिजिक्स शिकवलंय, आलेख वाचता येतो.

"आजींना कधीपासून कमी ऐकू येतंय?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. मुलाला.

"तिलाच विचारा की," तो म्हणाला.

मग ती माझ्याकडे वळून, आवाज चिरका करून, "आज्जीऽऽ, त्रास होतो का हो खूऽऽप?" मी उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत पुढचा प्रश्न पुन्हा त्याला.

आवाज चिरका केला की माणूस नेमका आम्हाला न ऐकू येणाऱ्या पट्टीत जातो, आणि अशा कानांना मोठा आवाज चटकन टोचतोही. तोंड दिसेल असं समोर बसून, जरा सावकाश बोललं तरी पुरतं. हे कानाच्या मशीनच्या दुकानात मी सांगायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं साठीपुढच्या चौघांतल्या एकाहून जास्त जणांना रोजचे व्यवहार अडतील इतकं कमी ऐकू येतं. म्हणजे यांचं दुकान चालतं ते आमच्यावरच.

ॲपचा तर कहर. मला न विचारता ते मुलाच्या मोबाइलला जोडून दिलं. तो दिवसभर ऑफिसात, मी बँकेच्या रांगेत, ब्लूटूथ काही तिथवर पोचत नाही. म्हणजे माझ्या कानांचा आवाज कमी-जास्त करायची सोय त्याच्या खिशात, आणि तीही बंद! घरी आल्यावर ते माझ्या फोनवर घेतलं. चहा गार व्हायच्या आत झालं.

सेलचं दुखणं वेगळं. ३१२ नंबरचा सेल, व्यास आठ मिलिमीटरसुद्धा नाही, आणि त्याचं दार नखानं उघडायचं. संधिवाताच्या बोटांनी करून बघा. तपकिरी स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबायचं, आत हवा शिरली की जस्ताची क्रिया सुरू होते, हे त्यांनी व्यवस्थित समजावलं. अर्थात, मुलाला. चार्जिंगचं मॉडेलही दुकानात होतं, हे मला नंतर कळलं. ते का दाखवलं नाही? "आजींच्या लक्षात राहणार नाही ना, रोज लावायचं."

तरी मशीन तिथूनच घ्या म्हणेन, कारण तपासणीत घाई करत नाहीत. पण एकट्यानं जा, नाहीतर सोबतच्याला बाहेर बसवा. आलेखाची प्रत मागून घ्या, चार्जिंगचं मॉडेल दाखवायला लावा, आणि ॲप जोडायच्या वेळी आपला फोन पुढे करा.