रन-वॉक-रन पद्धत: बाबा, भाऊ आणि मी, सहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. बाबा ६३ वर्षांचे, मी ३६, धाकटा भाऊ २९. तिघांनी मिळून हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, आणि ठरवलं की सराव एकत्रच करायचा. पहिले पाच आठवडे आम्ही अगदी शब्दशः एकत्र धावलो, खांद्याला खांदा लावून, आणि तीच मोठी चूक होती. भाऊ त्याच्या पेसपेक्षा (म्हणजे धावण्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा) खूप हळू धावून कंटाळायचा, बाबा त्यांच्या पेसपेक्षा खूप जोरात धावायचे आणि "मला काही होत नाहीये" म्हणत राहायचे, आणि मी मध्ये दोघांकडे बघत. पाचव्या आठवड्यात बाबांची पोटरी धरली, तीन आठवडे सगळं बंद. डॉक्टरांना दाखवलं, तेव्हाच स्ट्रेस टेस्टही करून घेतली, म्हणजे श्रम करताना हृदयाची तपासणी (ती खरं तर पहिल्या दिवसाआधी करायला हवी होती, घरातलं कुणी साठीच्या पुढचं असेल तर हे टाळू नका). रिपोर्ट चांगला आला, हळूहळू सुरू करा म्हणाले, आणि तिथून आम्ही रन-वॉक-रनकडे वळलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ही जेफ गॅलोवे यांची पद्धत, ते १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला १०,००० मीटरसाठी अमेरिकेच्या टीममध्ये होते, आणि पुढे १९७४ मध्ये अगदी नवख्या लोकांना धावायला शिकवताना त्यांनी हे बसवलं. थोडं धावायचं, थोडं चालायचं, परत धावायचं, आणि हे घड्याळ लावून, ठरलेल्या सेकंदांनी. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे दमल्यावर चालायचं नाही, पहिल्या मिनिटापासूनच चालायचं, दमायच्या आधी. कारण धावताना तेच स्नायू सारखे तसेच वापरले जातात, मध्ये चाललं की भार बदलतो आणि त्या स्नायूंना दम संपायच्या आधीच विसावा मिळतो. दमून चालायला लागलेला माणूस परत नीट धावायला लागत नाही हे आम्ही पहिल्या पाच आठवड्यांत बघितलेलंच होतं.

बाबांना हे पटवणं सोपं नव्हतं. "चालायचंच होतं तर रेसला नाव कशाला घातलं" हे मी किमान दहा वेळा ऐकलं असेल. शेवटी पटलं ते माझ्या बोलण्याने नाही. एक रविवार त्यांनी न थांबता ५ किमी केले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरत होते, पुढच्या रविवारी ६० सेकंद धाव ३० सेकंद चाल असे ७ किमी केले आणि सोमवारी स्वतःच म्हणाले की पाय हलके आहेत. त्यानंतर कधी वाद झाला नाही. जर्मनीतल्या संशोधकांचा २०१६ चा एक अभ्यास आहे, हौशी मॅरेथॉन धावणाऱ्यांचा, त्यात एका गटाने सलग धावायचं आणि दुसऱ्याने दर अडीच किलोमीटरला एक मिनिट चालायचं असं होतं. वेळेत म्हणावा असा फरक पडला नाही पण चालणाऱ्यांना स्नायूंचा त्रास कमी जाणवला. आमचं अंतर त्याच्या निम्मं, तरी अनुभव तसाच.

आता मुख्य गोष्ट, कुटुंबासोबत सराव कसा बसवला ते, कारण मला वाटतं खूप लोक इथेच अडकतात. आम्ही लाँग रन, म्हणजे आठवड्यातला सगळ्यात लांब सराव, किलोमीटरवर करायचं बंद केलं आणि वेळेवर करायला लागलो. समजा आज दीड तास आहे, तर तिघांनी एकाच ठिकाणाहून निघायचं, ४५ मिनिटं आपापल्या पेसने जायचं, ४५ व्या मिनिटाला जिथे असू तिथून मागे फिरायचं. तिघेही जवळपास एकाच वेळी परत निघालेल्या जागी पोचतात! भाऊ १४ किमी करून येतो, आम्ही साडेनऊ करून येतो, पण निघणं एकत्र, पोचणं एकत्र, स्ट्रेचिंग एकत्र, आणि कुणी कुणासाठी थांबत नाही की कुणी कुणाच्या मागे फरफटत नाही. अगदी शेवटी भाऊ मागून येऊन आम्हाला गाठतो तेव्हा हात उंचावतो, तो क्षण बाबांना खूप आवडतो. फक्त एक, परतीची निम्मी वेळ पहिल्या निम्म्याएवढीच यायला हवी, म्हणजे सुरुवातीला जोरात पळून चालत नाही. जो जोरात गेला तो उशिरा येतो, आणि बाकीचे दोघे उभे असतात. त्यामुळे पेस सांभाळायची सवय आपोआप लागली, मला तर याआधी कधीच लागली नव्हती.

वेग आणि धावण्या-चालण्याचा रेशो कसा ठरवायचा हाही प्रश्न येतो. गॅलोवेंचं 'मॅजिक माईल' आहे, एक मैल म्हणजे साधारण १.६१ किमी, वॉर्मअप करून जमेल तितक्या जोरात पण शेवटी कोसळणार नाही असं धावायचं आणि त्या वेळेला १.२ ने गुणलं की हाफचा प्रति मैल पेस येतो, फुल मॅरेथॉनला १.३ ने. बाबांचा मैल १० मिनिटं ४८ सेकंद, गुणिले १.२ म्हणजे १२:५८, म्हणजे हाफ साधारण २ तास ५० मिनिटं. लाँग रन मात्र त्याहून मैलामागे किमान दोन मिनिटं हळू करायचा. हे "हळू" सुरुवातीला अपमानास्पद वाटतं पण तेच टिकवतं. आम्ही ३०/३० ने (३० सेकंद धाव, ३० सेकंद चाल) सुरुवात केली, तिसऱ्या आठवड्यात ६०/३० वर आलो आणि तिथेच राहिलो. ९०/३० करून बघितलं, बाबांचा श्वास चालण्याच्या ३० सेकंदांत खाली येत नव्हता, सोडून दिलं. चालणं पण रेंगाळत नाही हं, छोटी छोटी पावलं टाकून झपाझप. लांब ढांगा टाकल्या की नडगी दुखते, मला दुखली.

हार्ट रेटबद्दल सविस्तर लिहिते कारण आमचा यात एक महिना वाया गेला. आम्ही मनगटावरच्या घड्याळातले हार्ट रेटचे झोन (टप्पे) बघून बाबांचा सराव ठरवत होतो. हे झोन वयानुसार जास्तीत जास्त ठोके किती यावरून काढतात, २२० वजा वय केलं तर १५७ येतात, दुसरं सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट, त्याने १६४ येतात. आणि बाबांचं घड्याळ धापा टाकताना सुद्धा ११८ च्या वर जाईना. मला वाटलं घड्याळच बिघडलंय, छातीला बांधायचा पट्टा आणला, तोही तेच दाखवतो. मग लक्षात आलं की त्यांची बीपीची गोळी बीटा ब्लॉकर आहे, ती हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही, म्हणजे वयावरून काढलेले हे झोन त्यांच्यासाठी निरुपयोगी. डॉक्टरांनीही सांगितलं की आकडा सोडा, बोलता येतंय का ते बघा. तेव्हापासून आमची टेस्ट एकच, धावण्याच्या ६० सेकंदांत बाबांना एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. तुटलं की पुढचे दोन राऊंड नुसतं चालायचं. उलट माझ्या बाबतीत मनगटाचं घड्याळ भलतंच जास्त दाखवायचं, १७० वगैरे, ते ठोके नव्हतेच, माझ्या पावलांचा वेग ते हार्ट रेट म्हणून पकडत होतं, पट्ट्यावर तेव्हा १४२ होते. पट्टा घ्याच असं म्हणेन, पण घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्या आधी विचारून घ्या.

आठवड्याला तीन दिवस धावणं, दोन छोटे आणि एक लाँग. भावाने मधल्या दिवशी त्याचे जोराचे इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मध्ये विश्रांती) वेगळे केले, त्यात आम्ही नाही गेलो. दर तिसऱ्या आठवड्याला लाँग रन मुद्दाम कमी. मूळ पद्धतीत लाँग रन रेसच्या अंतराएवढा आणि कधी त्याच्याही पुढे नेतात, आम्ही पावणेतीन तासांवर थांबलो, साधारण १८ किमी, बाबांच्या पोटरीची भीती होती म्हणून. हा निर्णय बरोबर होता का यावर आमच्यात अजून एकमत नाही, कारण शेवटचे ३ किमी बाबांना जड गेले. पोटरीसाठी पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली नेण्याचा व्यायाम दिवसाआड, तो एकदाही चुकवला नाही, दुखणं परत आलं नाही.

आई धावत नाही पण सगळ्यात जास्त काळजी तिला, ती दर वेळी दोन बाटल्या हातात कोंबायची आणि संपवूनच या म्हणायची. तिला मी शांतपणे समजावलं की हळू धावणाऱ्यांना जास्त पाणी पिण्याचा धोका असतो, रक्तातलं सोडियम खाली जातं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं होतं, आणि चार तासांपेक्षा जास्त लागलेल्यांमध्ये आणि धावताना वजन वाढलेल्यांमध्ये ते जास्त होतं. आता नियम साधा आहे, तहान लागली की प्यायचं.

तोटे पण आहेत. गर्दीत सुरुवातीला अचानक चालायला लागलात तर मागचा येऊन आदळतो, माझ्यावर एक जण आदळलाच. कडेला सरकायचं, हात वर करायचा, मग चालायचं, हे सरावातच घोटून घ्या. धाव-चाल बदलायची खूण देणाऱ्या घड्याळाच्या बीपचा आवाज शेजारच्यांना त्रास देतो म्हणून आम्ही कंपनावर ठेवलं, पण बाबांना दोन तासांनंतर कंपन जाणवत नाही, मग मीच त्यांच्या दंडाला हात लावून खूण करते. भावाला या पद्धतीचा फारसा उपयोग झाला नाही हेही प्रामाणिकपणे सांगते. तो लाँग रनला ४ मिनिटं/३० सेकंद करायचा, रेसमध्ये पहिले ८ किमी झाल्यावर चालणं सोडून दिलं आणि २ तास ४ मिनिटांत आला.

बाबा आणि मी २ तास ५३ मिनिटांत. १८ व्या किलोमीटरला ते म्हणाले की तू जा पुढे, मी येतो. मी गेले नाही. आम्ही ३०/३० वर उतरलो आणि शेवटच्या वळणावर भाऊ मेडल गळ्यात घालून उलट दिशेने चालत आमच्याकडे येत होता, बाजूच्या फुटपाथवरून, आणि बाबांना सेकंद मोजून ओरडून सांगत होता. मी तेव्हा रडले, बाबांनी बघितलं नाही.

रेसला आता चार आठवडे झालेत. पोटरी ठीक आहे, बुटांचे साधारण ६०० किमी झालेत, बदलायला आलेत. आई मागच्या रविवारपासून यायला लागली आहे, १५ सेकंद धाव आणि ४५ सेकंद चाल, वीस मिनिटं, आणि तिचं घड्याळ बाबा लावून देतात.