केळीच्या धंद्यात पोस्टग्रेस, अख्खी मृगबाग काढल्यावरचा अनुभव

सावदा-रावेर पट्ट्यात आमची केळी खरेदी आहे. मृगबागेचा (पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीचा) सगळा माल पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसवर निघाला आणि आता कांदेबाग (पावसाळा संपताना लावलेली) सुरू झालीय, म्हणून लिहितोय, कारण ओळखीतले बरेच जण विचारतात की धंद्यासाठी कुठला डेटाबेस घ्यावा.

आधी आमचं काम सांगतो, त्याशिवाय निवड कळणार नाही. शेतात कापणी होते, काट्यावर वजन होतं, मग शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या हिशेबाची चिठ्ठी) बनते, त्यातून आधी दिलेली उचल वजा होते, टोळीची मजुरी वेगळी, गाडीभाडं वेगळं, आणि भाव तर रोज बदलतो. म्हणजे एका पट्टीमागे चार ठिकाणी नोंद पडते. तीन पडल्या आणि चौथ्या वेळी लाइट गेली तर? जुन्या सॉफ्टवेअरमध्ये (लोकल वेंडरचं, एकच फाइल सगळ्या कॉम्प्युटरवर शेअर करून चालायचं) असं झालं की पट्टी दिसायची पण उचल तशीच उभी, मग रात्री वह्या घेऊन बसा. पोस्टग्रेसमध्ये चारही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाकल्यात, सगळ्या होतील नाहीतर एकही नाही. आमच्याकडे लाइट जाणं काही नवीन नाही, पण मशीन परत चालू झालं की पोस्टग्रेस आपल्या लॉगवरून (आधी लिहून ठेवलेल्या बदलांच्या नोंदीवरून) स्वतःच सावरतो. कोणी म्हणालं एफसिंक (नोंद खरोखर डिस्कवर उतरली याची खात्री करणारं सेटिंग) बंद करा, स्पीड वाढेल, तर अजिबात ऐकू नका, लाइट गेल्यावर डेटा टिकतो तो त्याच्यामुळेच.

दुसरी गोष्ट, दोन मुनीम एकदम काम करतात. समजा एका शेतकऱ्याची पन्नास हजार उचल बाकी आहे आणि त्याच्या दोन गाड्यांच्या पट्ट्या दोन टेबलांवर एकाच वेळी बनतायत, तर दोन्हीकडून पन्नास-पन्नास हजार कापले जाऊ शकतात. इथे पहिली पट्टी त्या शेतकऱ्याच्या खात्याची ओळ लॉक करते, दुसरी थांबते आणि मग खरी बाकी बघते. हे आपोआप होत नाही बरं का, प्रोग्रॅमरला ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ लिहायला सांगावं लागतं. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे, इथे जरासुद्धा ढिलाई नको.

पैसे आणि वजनाला न्यूमेरिक टाइप (आकडा अचूक ठेवणारा) घ्या, फ्लोट (अंदाजे ठेवणारा) नको, फ्लोटमध्ये पैशापैशाचा फरक साचत जातो. आणि भाव पट्टीतच लिहून ठेवा, नाहीतर उद्या भावाच्या टेबलात कोणी बदल केला की जुन्या पट्टीची रक्कम पण हलते. शेतकऱ्यांची नावं मराठी वर्णक्रमाने लावता येतात, त्यासाठी मराठी कोलेशन (क्रम लावायचा नियम) आहे, मुनीमकाकांना सगळ्यात जास्त तेच आवडलं.

मग सगळ्यांनी हेच घ्यावं का? नाही. एक दुकान, एक कॉम्प्युटर असेल तर एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये बसणारा छोटा डेटाबेस) भरपूर झालं, फक्त त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो आणि त्याची फाइल नेटवर्कवर शेअर करून वापरू नये. तुमचा प्रोग्रॅमर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मुरलेला असेल तर तेच घ्या, वर सांगितलेलं ट्रान्झॅक्शन आणि लॉकिंग त्यांच्या इनोडीबी या साठवणुकीच्या भागात पण होतं. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस फुकट आहे पण बरीच वर्षं एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा होती, 2025 च्या आवृत्तीत ती 50 जीबी झाली. मोंगोडीबी (सुट्या कागदांसारख्या नोंदी ठेवणारा डेटाबेस) आम्ही घेतलं नाही, कारण आमचा सगळा माल-मसाला खातेवहीचा, प्रत्येक नोंद दुसरीला बांधलेली.

त्रास कुठे झाला ते पण सांगतो. बसवल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कनेक्टच होत नाही, सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते, आणि ते बरोबरच आहे. पण पोस्टग्रेसचा 5432 पोर्ट (कनेक्ट होण्याचं दार) सरळ इंटरनेटला उघडा ठेवू नका, जळगावच्या ऑफिसातून बघायचं तर व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी) लावा. मेमरीची डीफॉल्ट सेटिंग फार कमी असते, शेअर्ड बफर्स (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) 128 एमबीच, ती मशीन बघून वाढवायची. दरवर्षी नवी मेजर आवृत्ती येते आणि प्रत्येकीला 5 वर्षं अपडेट मिळतात, म्हणून अपग्रेड कापणी कमी असताना उरकून घ्यावं. लायसन्सला पैसे नाहीत पण हे सगळं बघणाऱ्या माणसाला द्यावे लागतात, तो खर्च आधीच धरा.

बॅकअपबद्दल मात्र मी फार आग्रही आहे. रोज रात्री पीजी डंप (त्या वेळच्या डेटाबेसची नक्कल) निघतो, पण नुसत्या त्याच्यावर राहिलं तर संध्याकाळी डिस्क गेली की दिवसभराच्या पट्ट्या गेल्या. म्हणून आठवड्याला एक बेस बॅकअप (अख्ख्या डेटाबेसच्या फाइल्सची नक्कल) घेतो आणि त्यानंतरच्या वॉल फाइल्स (वर सांगितलेल्या लॉगच्या फाइल्स) दिवसभर दुसऱ्या मशीनवर जात राहतात, त्यावरून हव्या त्या वेळेपर्यंत परत येता येतं. दर महिन्याला तो बॅकअप वेगळ्या कॉम्प्युटरवर खरोखर उभा करतो आणि चार-पाच शेतकऱ्यांची बाकी वहीशी जुळवून बघतो. वेंडर कोणताही असो, सौदा करायच्या आधी त्याला हे तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा.